डुकराचा उजवा कान

विकर म्हणजे काय, हे बाईंच्या बहिणीला अकरा वर्षांत समजलं नाही, आणि त्यात बहिणीचा काही दोष नव्हता. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. तब्येत, गुडघे, भाचीच्या परीक्षा हे सगळं झालं की ती विचारायची, "आणि तुझी डुकरं काय म्हणतायत?" बाई म्हणायच्या, "डुकरं नाहीत गं. डुकराचं एक जनुक आहे." "तेच ते," असं म्हणून बहीण फोन ठेवायची. आठवडाभरात घरात झालेलं बोलणं ते तेवढंच. बाकीचे दिवस दोन खोल्या, एक गॅलरी आणि खालच्या दुकानाचं वर-खाली होणारं शटर.

प्रयोगशाळेत त्यांना समोर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे विकरबाई. त्यांना ते ठाऊक होतं. वय सत्तावन्न, लग्न केलं नाही, आईचं दुखणं आठ वर्षं काढलं. आई गेल्यावर जी रिकामी जागा झाली, तिथे हे विकर येऊन बसलं. लोक मांजर पाळतात, बाईंनी जनुक पाळलं, एवढाच काय तो फरक. मांजर निदान दारापाशी येऊन ओरडतं तरी.

खाल्लेल्या अन्नातलं अंगाने जाळायचं किती आणि चरबी म्हणून साठवायचं किती, हे ठरवण्यात ज्यांचा हात असतो त्यांतलं ते एक विकर, म्हणजे एन्झाइम. ते घडवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते. बाईंना दोन गोष्टी शोधायच्या होत्या. हे जनुक डुकराच्या कुठल्या अवयवात जागं असतं ही एक, आणि डुकराच्या एकोणीस जोड्या गुणसूत्रांमध्ये ते नेमकं कुठे बसलेलं असतं ही दुसरी.

पहिलं काम चार वर्षांत झालं. यकृतात जागं, मूत्रपिंडात त्याखालोखाल, स्नायूत नावापुरतं आणि चरबीत गाढ झोपलेलं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या तर यकृतातही ते झोपलेलंच. आईचं दूध तुटलं, पिल्लू स्वतःचं स्वतः खायला लागलं, की मग ते जनुक हळूहळू बोलायला लागतं. हे बाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना. सांगावं तर मजल्यावर कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. मग त्या जिना उतरून खाली गेल्या, इमारतीभोवती एक फेरी मारली आणि परत वर येऊन कामाला लागल्या.

दुसऱ्या कामाने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले.

जनुकाचा पत्ता शोधायची रीत तशी साधी आहे. एखाद्या माणसाचं घर माहीत नसलं, तर संध्याकाळी तो कोणाच्या सोबतीने परततो ते रोज पाहायचं. रोज एकाच माणसाबरोबर परतत असेल तर घरं शेजारीशेजारी असणार. गुणसूत्रांवर काही खुणा आधीपासून माहीत असतात. आई-बापांकडून पिल्लांकडे जाताना आपलं जनुक यांपैकी कोणत्या खुणेबरोबर जातं, ते घराण्याघराण्यांत तपासायचं. म्हणजे हवीत डुकरांची घराणी, आणि कोणतं पिल्लू कोणाचं हे बिनचूक ठाऊक हवं.

घराणी होती. शहराबाहेर अडीच तासांवर संस्थेची शेड होती, तिथल्या पिल्लांचं रक्त बर्फाच्या डब्यातून यायचं. पण त्यातल्या काही घराण्यांत जे निघत होतं ते अशक्य होतं. आईकडे जनुकाची लांब प्रत, बापाकडेही लांब, आणि पिल्लाकडे आखूड. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईंनी नमुने पुन्हा तपासले. मग तिसऱ्यांदा तपासले. आपलाच हात चुकतो आहे असं धरून त्यांनी सगळी रसायनं बदलली, मग चष्म्याचा नंबर बदलला. पिल्लाकडे आखूड ते आखूडच. एखाद्या डुकरिणीने शेजारच्या कप्प्यात काही भानगड केली असेल, असं सगळ्यांनी हसून घेतलं. बाईही थोडं हसल्या. पण एक डुकरीण भानगड करील, दोन करतील. एकाहत्तर पिल्लांच्या मागे एवढ्या भानगडी म्हणजे ती डुकरं नव्हेत, काहीतरी भलतंच.

ते काय आहे हे त्यांच्या लक्षात आलं एका मंगळवारी दुपारी, नळ्यांवरचे आकडे नुसते वाचत बसल्या असताना.

डुकराच्या पिल्लाचा नंबर त्याच्या कानांवर असतो. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी कानांच्या कडेला छोट्या खाचा पाडतात. उजव्या कानाच्या खाचा सांगतात वेत कितवं, म्हणजे त्या हंगामात व्यालेली कितवी मादी. डाव्या कानाच्या खाचा सांगतात त्या वेतातलं पिल्लू कितवं. उजव्या कानावर पाच आणि डाव्यावर तीन म्हणजे पाचव्या वेताचं तिसरं पिल्लू. दूध तुटलं की सगळ्या वेतांची पिल्लं एका मोठ्या कप्प्यात एकत्र सोडतात, आणि त्यानंतर कोण कोणाचं हे फक्त कानच सांगतात. शेडवर एका हंगामाला दहा-अकरा माद्या व्यायच्या आणि प्रत्येकीला दहा-अकरा पिल्लं व्हायची. म्हणजे पाच-तीनचा तीन-पाच झाला तरी कोणाला संशय यायचं कारण नाही. दोन्ही नंबरांची पिल्लं असतातच.

बाईंनी एका नळीवरचे आकडे उलटे करून पाहिले. पिल्लू आई-बापांना चोख जुळलं. दुसरीचे उलटे केले. तेही जुळलं. संध्याकाळपर्यंत एकाहत्तरच्या एकाहत्तर पिल्लं आपापल्या घरी गेली. आणि जनुक जाऊन बसलं सातव्या गुणसूत्रावर, एका जुन्या ओळखीच्या खुणेला खेटून. अकरा वर्षं जे हुलकावणी देत होतं ते इतक्या निवांतपणे तिथे बसलेलं पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगा, त्या रडल्याच.

दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन संचालकांकडे गेल्या. साहेब त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पण सरळ माणूस. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले.

"कान उलटे वाचले गेले, असं म्हणताय?"

"हो. पाच वर्षांपूर्वीच्या एका तारखेपासून पुढे. त्याच्या आधीचा एकही चुकलेला नाही."

"त्या तारखेनंतर रक्ताच्या खेपा किती आल्या?"

"पाच."

"पाचही उलट?"

"चार. तिसरी खेप बरोबर आहे. एकोणीस पिल्लं, सगळी सुलट."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, हे कसं पटवायचं? दोन खेपा उलट, तिसरी सुलट, मग पुन्हा दोन उलट. परीक्षक म्हणतील, जिथे उलटं केल्यावर जुळलं तिथे उलटं केलं, जिथे नको तिथे सोडून दिलं. जुळतात म्हणून आकडे बदलायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत."

"पण खरं तेच आहे, साहेब."

"असेल ना. मग कारण आणा. का उलटे वाचले, आणि मधलीच खेप सुलट का, हे ज्याने कान वाचले त्याच्याकडून लेखी आणा, सहीनिशी. मी स्वतः तुमच्या बाजूने उभा राहीन. नाहीतर ती चार खेपांची पिल्लं बाद धरावी लागतील." ती बाद धरली तर उरलेल्या घराण्यांत जनुकाचा पत्ता लागण्याइतका दम नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. महिनाअखेरीस डुकरांचा विभाग बंद व्हायचा होता आणि फ्रीझर रिकामा करून दुसऱ्या विभागाला द्यायचा होता. पुन्हा रक्त काढावं तर शेड तीन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. जनावरं कुठे कुठे पांगली होती.

कान वाचले होते मामांनी.

मामा म्हणजे शेडचे राखणदार. तीस वर्षं डुकरांत काढलेली. नोकरी मामांची आणि काम दोघांचं, कारण मामी रोज बरोबर असायची. मामांचं अक्षर सुंदर होतं. बर्फाच्या डब्यात नळ्यांबरोबर त्यांची चिठ्ठी असायची. "बाई, नळ्या अठरा आहेत. एकीचं झाकण सैल आहे, सांभाळा. डुकरं बरी आहेत." बाईंना त्या चिठ्ठ्यांची सवय झाली होती. बहिणीच्या फोनखेरीज त्यांना कोणी "सांभाळा" म्हणणारं ते एकच माणूस. आणि एका खेपेला चिठ्ठी आली, "बाई, घरची गेली. नळ्या अठरा आहेत."

ती चार खेपांतली पहिली. बाईंनी तारखा लावून पाहिल्या. चूक सुरू झाली होती ती बरोबर मामी गेली तिथून.

आता पंचाईत ही होती की शेड बंद झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी मामा भाषणाला उभे राहिले होते. त्यांना भाषण काही येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "तीस वर्षांत माझ्याकडून एक कान चुकला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, बाईंनी तर उभं राहून वाजवल्या होत्या. माणसाजवळ म्हातारपणी धरून बसायला असं एखादं वाक्य असतं. मामांचं हे होतं. जनुकाला घर हवं असेल तर ते वाक्य जाऊन मोडायचं, आणि वर त्यावर सही मागायची. नाही मोडलं तर अकरा वर्षं पाण्यात. बाई दोन दिवस या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसल्या.

मामा आता मुलाकडे राहत होते. टायरच्या दुकानामागचा बोळ, लोखंडी जिना आणि वर तीन खोल्या. मुलगा आणि सून सकाळी आठला जायचे ते सातला यायचे. दार मामांनीच उघडलं. ते खूप वाळले होते. सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता, पण दाढी केलेली, केस विंचरलेले.

"बाई! तुम्ही?" मामा म्हणाले आणि दारातच उभे राहिले. मग लगबगीने आत जाऊन त्यांनी चालू असलेला टीव्ही बंद केला.

"राहू दे की मामा. बघत होतात ना?"

"बघत नाही. लावतो."

त्यांनी चहा केला. साखर दोनदा घातली, आणि बाईंनी तसाच प्यायला. भिंतीला खेटून पलंग होता आणि त्यावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. खिडकीतून टायरच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, बाकी काही नाही. मामांनी डुकरांची चौकशी केली. शेड बंद झाली तेव्हा कोणती मादी कुठे गेली, याची त्यांना पाठ असलेली यादी त्यांनी म्हणून दाखवली. काही जिवंत नसणार हे दोघांनाही कळत होतं. बाई हो हो म्हणत राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत असणार.

शेवटी मामाच म्हणाले, "बाई, काम काय काढलंत ते बोला. एवढ्या लांब चहाला कोणी येत नाही."

"लेख लिहितेय," बाई म्हणाल्या. "रक्त कसं काढलं, कान कसे वाचले, ते त्यात लिहावं लागतं. पिल्लू कसं धरायचात, ते मला दाखवता?"

मामा खुलले. तीन वर्षांत त्यांना त्यांच्या कामातलं कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी पलंगावरची उशी उचलली. "हे पिल्लू. ही दोन टोकं म्हणजे कान. तुम्ही इथे खाली बसा, पुढून. असं. त्याचे पुढचे पाय धरा, तोंड तुमच्याकडे." बाई जमिनीवर बसल्या आणि उशी धरली. मामा उशीच्या मागे उभे राहून वाकले. "मी असा मागून. उजव्या हाताला वेत, डाव्या हाताला पिल्लू. उजव्या हाताने कान धरला, बोटाने खाच चाचपली, आकडा मोठ्याने म्हटला. ती तो पुन्हा म्हणायची, म्हणजे चूक नको. मग नळीवर लिहायचा." त्यांनी टोकावरचा हात काढला. "ती आकडा ओरडूनच म्हणायची. पिल्लं किंचाळायची ना, ऐकू यायचं नाही. घरीसुद्धा तशीच ओरडून बोलायची. सवयच लागली होती."

"आणि मामा," बाईंनी विचारलं. उशी अजून त्यांच्या हातात होती. "एकटे असताना?"

"एकटा असताना काय? बादली उपडी घालायची आणि तिच्यावर बसायचं." मामांनी बाईंच्या हातातून उशी घेतली आणि ते पलंगाच्या कडेवर बसले. उशीचं खालचं टोक त्यांनी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं. "मागचे पाय गुडघ्यात. हललं नाही पाहिजे. तोंड माझ्याकडे, म्हणजे चावायला आलं तर दिसतं. मग उजव्या हाताला वेत..."

त्यांचा उजवा हात उशीच्या टोकाशी गेला आणि तिथेच राहिला.

बाईंनी मान खाली घातली. बघायचं त्यांच्याच्याने होईना. खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, ते यंत्र चालू झालं, बंद झालं, पुन्हा चालू झालं. मामांनी हात काढला नाही. त्यांनी उशी फिरवून पाठमोरी केली, उजव्या टोकाला हात लावला, मग पुन्हा तोंड स्वतःकडे केलं आणि पुन्हा उजव्या हाताच्या टोकाला हात लावला. असं त्यांनी तीनदा केलं. तीस वर्षं ते उजवा हात म्हणत आले होते. डुकराचा उजवा कान असं त्यांना कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

"हा डावा आहे," मामा म्हणाले.

"हो, मामा."

"याच्यासाठी आलात."

"हो."

"किती?"

बाईंना वाटलं, थोडी आहेत असं म्हणावं. पण या माणसाने आयुष्यात एक सैल झाकणसुद्धा लपवलं नव्हतं. "एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "पण मामा, वाया काही गेलेलं नाही. कसे उलटले ते कळलं, म्हणजे सरळ करता येतात. मी केलेत. सगळी जुळली. जनुक सापडलं."

"सापडलं?"

"सातव्या गुणसूत्रावर आहे."

"बरं झालं," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच बरं वाटल्याचं होतं, आणि त्यामुळे बाईंना जास्तच लागलं. मामांनी उशी जागेवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवून ती सपाट केली. मग म्हणाले, "ती असती तर ओरडली असती. एक आकडा उलटा म्हटला असता तरी ओरडली असती. वेताची पिल्लं ती तोंडावरून ओळखायची, तिला कान लागायचे नाहीत."

बाईंनी साहेबांचं सगळं सांगितलं. लेखी कारण हवं आहे, सही हवी आहे, आणि मधल्या खेपेचं कोडं सुटत नाही. "पहिल्या दोन उलट, मामा, आणि नंतरच्या दोन उलट. तिसरी मात्र बरोबर. तिसऱ्या खेपेला तुम्ही काही वेगळं केलंत का? कोणी मदतीला होतं? आठवतंय काही?"

मामांनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्ही होतात की."

"मी?"

"भेटायला आला होतात. ती गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी. फळं आणली होती. तुम्हाला काय बोलावं ते सुचेना, मलाही सुचेना. मग तुम्ही म्हणालात, मामा, काही काम असेल तर सांगा. मी म्हटलं, आज रक्त काढायचंय, पिल्लं धराल का? तुम्ही पदर खोचलात आणि बसलात चिखलात. एकोणीस पिल्लं धरलीत. एकाने तुमच्या मनगटाला ओरखडा काढला."

बाईंना फळं आठवत होती. गेल्या तेव्हाची आणि आल्या तेव्हाची बस आठवत होती. भेट उरकली एकदाची, अशा सुटकेच्या भावनेने त्या परतल्या होत्या, तेही आठवत होतं. दुसऱ्याच्या दुःखापुढे बसायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. आईच्या वेळी लोक येऊन बसायचे तसं नुसतं बसता त्यांना कधी आलं नाही. पिल्लं धरायला मिळाली, बोलावं लागलं नाही, यातच त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आणि म्हणून ते दोन तास त्यांच्या डोक्यातून पार पुसले गेले होते. एकोणीस पिल्लं, आणि पुढून धरणाऱ्या त्या स्वतः. पाच खेपांत ज्या दिवशी शेडवर दोन माणसं होती, तो दिवस तेवढा बरोबर होता.

"निघताना तुम्ही म्हणालात," मामा सांगत होते, तक्रार केल्यासारखं नाही, शेडची हकीकत सांगितल्यासारखं, "पुढच्या खेपेलाही येते, तुम्हाला धरायला कोणी लागेल. मी तारीख कळवली होती चिठ्ठीत. त्या दिवशी वाट पाहिली. म्हटलं, बस चुकली असेल. दुसऱ्या दिवशी पण थांबलो. मग गाडीवाला बर्फाचा रिकामा डबा घेऊन आला, म्हणाला बाईंनी पाठवलाय, भरून द्या. तेव्हा बसलो बादलीवर."

बाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याजवळ कारण होतं. तेव्हा तिसऱ्या खेपेचे नमुने हातात होते, ते अर्ध्यावर टाकून येता येण्यासारखं नव्हतं. हे खरंच होतं. अडीच तास जायचे, अडीच यायचे, सगळा दिवस मोडायचा, हेही खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं, ते हे की त्यांना जायचं नव्हतं. म्हाताऱ्याच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांना आपली स्वतःची गॅलरी दिसली असती.

"कामं होती, मामा," त्या म्हणाल्या.

"कामं असतातच," मामा म्हणाले.

त्यांनी कागद मागितला. बाई मजकूर सांगू लागल्या, तर ते म्हणाले, "नको, माझं मी लिहितो." टेबल नव्हतं, म्हणून टीव्हीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, नळ्यांवर असायचं तसं. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मी शेडवर तीस वर्षं काम केले. माझी पत्नी पिल्लू पुढून धरत असे व मी मागून कान वाचत असे. ती गेल्यावर धरायला माणूस नव्हते. मी पिल्लू गुडघ्यात धरून समोरून कान वाचले, त्यामुळे उजव्याचा डावा झाला. पहिली, दुसरी, चौथी व पाचवी खेप अशी आहे. चूक माझी आहे."

खाली त्यांनी सही केली, तारीख घातली. तिसऱ्या खेपेबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तिसरीचं राहिलं, मामा."

"ते तुमचं तुम्ही लिहा. मी धरलं नव्हतं."

बाईंनी पेन घेतलं. साहेबांना हवं होतं ते एका वाक्यात लिहून होण्यासारखं होतं. तिसऱ्या खेपेला पिल्लं मी धरली, म्हणून ती बरोबर आहे. तेवढं त्यांनी लिहिलं. सही करायला पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. वर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं, चूक माझी आहे. ते तसंच फाइलला लागणार होतं, आणि वाचणाऱ्याला सगळं पटणार होतं, कारण माणूस म्हातारा होता आणि एकटा होता आणि चुकला होता. चौथी खेप उलटी का, याला त्याहून जास्त कारण कोणी विचारणार नव्हतं.

त्यांनी पुढे लिहिलं, "चौथ्या खेपेलाही येते, असं मी यांना सांगितलं होतं. हे दोन दिवस थांबले. मी गेले नाही." मग सही केली.

कागद त्यांनी मामांकडे दिला. मामांनी तो खिडकीपाशी नेऊन, ओळीखाली बोट धरून वाचला. बाईंना वाटलं, ते आता म्हणतील, हे कशाला लिहिलंत, खोडा ते, तुमचा काय दोष. असंच म्हणतात माणसं. आपण तेवढं ऐकायलाच थांबलो आहोत, हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

मामांनी शेवटची ओळ दोनदा वाचली.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला.